जिवाणूची मोटर घरच्या संगणकावर उघडून पाहा: फ्लॅजेलर मोटरच्या प्रथिन-रचना वाचण्याची पद्धत

सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी फ्लॅजेलमच्या, म्हणजे जिवाणूला पोहवणाऱ्या शेपटीसारख्या अवयवाच्या, मुळाचे चित्र कधी ना कधी वहीत काढलेले असते. एकाखाली एक चार कडी, मधून जाणारा दांडा, वर वाकलेला हूक आणि पुढे लांब तंतू. एल, पी, एस, एम अशी नावे दिली की गुण पदरात पडतात. हे चित्र अगदीच चुकीचे नाही, पण मोटर फिरते कशी आणि दिशा बदलते कशी, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. २०२० पासून साल्मोनेला आणि तिच्या भाईबंदांच्या या यंत्राच्या जवळजवळ प्रत्येक भागाची अणूंच्या पातळीवरची रचना प्रसिद्ध झाली आहे. या रचना कोणालाही फुकट पाहता येतात. चांगले इंटरनेट आणि बऱ्यापैकी संगणक असला की पुरे.

अडचण वेगळीच येते. रचना उघडली की पडद्यावर रंगीबेरंगी गुंता येतो, माणूस दोन मिनिटे तो फिरवतो, 'वा' म्हणतो आणि बंद करतो. म्हणून हा लेख एका सवयीभोवती लिहिला आहे: प्रत्येक रचना उघडल्यावर आधी मोजायचे. कोणत्या प्रथिनाच्या किती प्रती आहेत, आणि शेजारच्या भागात किती? या मोटरमध्ये शेजारच्या दोन भागांचे आकडे क्वचितच जुळतात, आणि जिथे ते जुळत नाहीत तिथेच पाहण्यासारखे काहीतरी असते.

तयारी

प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे पीडीबीत ठेवलेल्या असतात. अमेरिकेचे आरसीएसबी, युरोपचे पीडीबीई आणि जपानचे ओसाका विद्यापीठातले पीडीबीजे या तिन्ही ठिकाणी तोच साठा मिळतो. मी आरसीएसबीचे संकेतस्थळ धरून लिहितो. प्रत्येक रचनेला चार अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो शोधपेटीत रोमन लिपीत टाकायचा. इथे तो देवनागरीत दिला आहे, तेव्हा अक्षर आणि अंक यांत गल्लत करू नका. शून्य आणि 'ओ' यांतला घोटाळा सर्वांत जास्त होतो, आणि चुकून दुसरीच खरी नोंद उघडली तर ते लवकर ध्यानातही येत नाही.

नोंदीच्या पानावर 'स्ट्रक्चर' दाबले की मोलस्टार नावाचा दर्शक ब्राउझरमध्येच उघडतो, काही उतरवून घ्यावे लागत नाही. माउसचे डावे बटण दाबून ओढले की रचना फिरते, उजवे दाबून ओढले की सरकते आणि चाकाने जवळ-लांब होते. शिफ्ट दाबून चाक फिरवले की समोरचा थर कापला जातो. ही शेवटची युक्ती हाताला बसवून घ्या, कारण या मोटरमधल्या मोक्याच्या जागा बहुधा आतच असतात. उजवीकडच्या पट्टीत दोन गोष्टी लागतील. एक, 'मॉडेल' आणि 'असेंब्ली' यांतली निवड: पहिल्यात संशोधकांनी जमा केलेले अणू जसेच्या तसे दिसतात, दुसऱ्यात त्यांपासून बनणारा जैविक समूह. दोन, रंग देण्याची सोय. साखळीनुसार रंग दिला की प्रत्येक प्रत वेगळ्या रंगाची होते. घटकानुसार दिला की एकाच प्रथिनाच्या सगळ्या प्रती एका रंगात येतात. मोजताना पहिला रंग उपयोगी, एकूण मांडणी समजून घेताना दुसरा.

मोठ्या रचना वारंवार पाहणार असाल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेचे कायमेराएक्स घ्या. अव्यावसायिक वापरासाठी ते मोफत आहे. फाइल उतरवताना एमएमसीआयएफ प्रकारचीच उतरवा. जुन्या पीडीबी प्रकारात साखळीच्या नावाला एकच अक्षर आणि अणूच्या क्रमांकाला पाच अंकांची जागा असते, आणि अख्खी मोटर त्यात मावत नाही.

कागद-पेन्सिलही जवळ ठेवा. तक्त्यात पाच रकाने आखा: नोंद, जिवाणू, प्रथिन, प्रतींची संख्या आणि 'काय दिसत नाही'. शेवटचा रकाना भरायचा सर्वांनाच कंटाळा येतो. तोच नेमाने भरा.

पहिली पायरी: तंतूचे एक प्रथिन

मोटरपासून सुरुवात करायचा मोह आवरा. आधी फ्लॅजेलिन, म्हणजे फ्लि-सी, पाहा. हे एकटे, आटोपशीर प्रथिन आहे आणि रचना वाचायचा सराव त्यावर चांगला होतो.

नोंद १-आय-ओ-१ उघडा (मधली दोन्ही अक्षरे). साल्मोनेलाच्या फ्लॅजेलिनची ही २००१ सालची स्फटिक-रचना आहे, वियोजन (म्हणजे किती बारीक तपशील वेगळा दिसतो ते) २ अँगस्ट्रॉम; एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग. पूर्ण फ्लॅजेलिनमध्ये ४९४ अमिनो आम्ले असतात. आता वरच्या पट्टीतला अनुक्रम पाहा. सुरुवातीची ५२ आणि शेवटची ४४ आम्ले नाहीतच. ती मुद्दाम कापून टाकलेली आहेत, कारण पूर्ण फ्लॅजेलिन एकमेकांना चिकटून तंतू बनवते आणि त्याचा स्फटिक होऊ देत नाही. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यातली पहिली नोंद ही. डी-१, डी-२ आणि डी-३ हे भाग दिसतात, पण तंतूचा गाभा घडवणारा डी-० गायब आहे.

तो पाहायला १-यू-सी-यू उघडा. योनेकुरा, माकी-योनेकुरा आणि नांबा यांनी २००३ मध्ये क्रायो-ईएमने, म्हणजे गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहून, काढलेले हे अख्ख्या फ्लॅजेलिनचे मॉडेल आहे. डी-० मधली साखळीची दोन्ही टोके लांब हेलिक्स (स्प्रिंगसारखी गुंडाळलेली दांडी) बनून शेजारी शेजारी उभी आहेत. तंतूत ती आतल्या पोकळीच्या कडेला लागतात. पोकळीचा व्यास सुमारे २ नॅनोमीटर, त्यामुळे तंतूच्या टोकाकडे जाणारे प्रत्येक नवे फ्लॅजेलिन घडी उलगडून या नळीतून पुढे सरकते. एका प्रतीवरून तंतू कसा उभा राहतो हे समजायचे असेल तर ही प्रत अक्षाभोवती सुमारे ६५.८ अंश फिरवा, ४.७ अँगस्ट्रॉम वर सरकवा, आणि हेच करत राहा. एका फेऱ्यात साधारण साडेपाच प्रती बसतात, दोन फेऱ्यांत ११. तंतूचे ११ उभे धागे येतात ते यातूनच.

आता या सगळ्या पायरीतला सर्वांत सुंदर आकडा. १-यू-सी-यू मधला तंतू सरळ आहे, कारण तो उत्परिवर्तित जिवाणूचा आहे. नैसर्गिक तंतू मोठ्या मळसूत्रासारखा वळलेला असतो आणि म्हणूनच तो पाणी मागे ढकलू शकतो. हे वळण येते कारण धाग्यात प्रथिनांची मांडणी दोन प्रकारची असते. एका प्रकारात लागोपाठच्या दोन प्रतींमधले अंतर ५२.७ अँगस्ट्रॉम, दुसऱ्यात ५१.९. फरक ०.८ अँगस्ट्रॉमचा, एका अणूच्या व्यासाहूनही कमी. अकरांपैकी काही धागे आखूड आणि काही लांब राहिले की तंतूला वळण घ्यावेच लागते. सरळ तंतूची रचना पाहून 'फ्लॅजेलम असा दिसतो' असे कोणी म्हणाले, तर हा तपशील सांगा.

दुसरी पायरी: स्टेटर

स्टेटर म्हणजे पेशीभित्तिकेला बांधलेला, न हलणारा भाग, आणि ऊर्जा इथेच वापरली जाते. २०२० पर्यंत पुस्तकांत लिहिलेले असे की मोट-ए या प्रथिनाच्या ४ आणि मोट-बी या प्रथिनाच्या २ प्रती मिळून एक स्टेटर होतो. त्या वर्षी दोन गटांनी स्वतंत्रपणे रचना काढल्या आणि ४ चे ५ झाले. एका आकड्याने सगळा विषय पालटल्याची अशी उदाहरणे थोडी असतील.

नोंद ६-वाय-के-एम उघडा. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचा हा स्टेटर आहे. साखळीनुसार रंग द्या आणि मोजा: मोट-ए च्या पाच, मोट-बी च्या दोन. आता रचना अशी फिरवा की पटलाच्या वरून, म्हणजे पेशीच्या बाहेरून, खाली पाहिल्यासारखे होईल. पाच मोट-ए गोलाकार बसल्या आहेत आणि मध्ये मोट-बी च्या दोन हेलिक्स उभ्या आहेत. पाच आणि दोन यांचा भाग जात नाही. त्यामुळे मोट-बी च्या दोन हेलिक्सना भोवतालचा परिसर कधीच एकसारखा मिळत नाही.

मोट-बी च्या हेलिक्सवर २२ व्या क्रमांकाचे अस्पार्टेट हे अमिनो आम्ल शोधा. अनुक्रमाच्या पट्टीत त्यावर टिचकी मारली की दर्शक तिथे नेऊन सोडतो. ई. कोलायमध्ये हेच काम ३२ व्या क्रमांकाचे अस्पार्टेट करते. बाहेरून आत येणारा प्रोटॉन इथे क्षणभर टेकतो. दोन मोट-बी ची दोन अस्पार्टेट एकाच अवस्थेत नाहीत हे रचनेत नीट पाहून घ्या.

यावरून सुचलेले आणि आज बहुतेकांनी स्वीकारलेले मॉडेल असे आहे. एक प्रोटॉन आत गेला की मोट-ए चे पंचक मोट-बी भोवती ३६ अंश फिरते, मग दुसऱ्या अस्पार्टेटची पाळी येते. पाच प्रती आणि दोन अस्पार्टेट, म्हणजे एका फेऱ्याला दहा पावले. स्टेटर 'न हलणारा' म्हटला तरी त्यातला मोट-बी तेवढा बांधलेला असतो. भोवतालचे मोट-ए चाकासारखे फिरत राहते, आणि बाहेरून पाहिले तर नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच. ही दिशा कधी बदलत नाही, हे लक्षात ठेवा. चौथ्या पायरीला त्याची गरज पडेल.

शेवटचा रकाना: मोट-बी चा पेप्टिडोग्लायकनला, म्हणजे पेशीभित्तिकेच्या जाळीला, धरणारा मोठा भाग या रचनेत दिसत नाही. लवचीक दुव्यामुळे तो सारखा जागा बदलतो आणि क्रायो-ईएमच्या सरासरीत पुसला जातो. शिवाय स्टेटर मोकळा असताना मोट-बी चा एक छोटा तुकडा बुचासारखा बसून प्रोटॉनची वाट अडवतो, म्हणजे ही बंद अवस्थेतली रचना आहे. मोटरमध्ये काम करत असलेला स्टेटर असाच दिसेल असे गृहीत धरू नका.

तिसरी पायरी: अख्खा गाभा

आता ७-सी-जी-ओ उघडा. शेवटचे अक्षर 'ओ' आहे, शून्य नाही. चीनमधल्या चच्यांग विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली साल्मोनेलाच्या मोटर-हूक संकुलाची ही रचना आहे. १७५ साखळ्या, १२ प्रकारची प्रथिने, वस्तुमान सुमारे ६३ लाख डाल्टन. ब्राउझरला थोडा वेळ लागेल. दर्शकाने आधी नुसता गुळगुळीत पृष्ठभाग दाखवला तर घाबरू नका, मोठ्या रचनेसाठी तो तसेच करतो.

सुरुवातीला दर्शक बाजूला ठेवा आणि नोंदीच्या पानावरची प्रथिनांची यादी वाचा. प्रत्येक प्रथिनापुढे त्याच्या साखळ्यांची नावे असतात. ती मोजून तक्ता भरा. ताळ्यासाठी हे आकडे घ्या: फ्लि-एफ ३४, एफएलजी-एच २६, एफएलजी-आय २६, एफएलजी-जी २४, फ्लि-ई ६, एफएलजी-बी ५, एफएलजी-सी ६, एफएलजी-एफ ५, फ्लि-पी ५, फ्लि-क्यू ४, फ्लि-आर १. उरले हूकचे एफएलजी-ई. ते तुम्हीच मोजा, बेरीज १७५ यायला हवी.

मग घटकानुसार रंग देऊन खालून वर या.

सर्वांत खाली, आतल्या पटलात, फ्लि-एफ चे कडे. पुस्तकातली एम आणि एस ही दोन कडी प्रत्यक्षात या एकाच प्रथिनाची आहेत. चित्रात ती दोन वेगळ्या चकत्या म्हणून काढायची पद्धत अजून का टिकून आहे, कोण जाणे. फ्लि-एफ ची गंमत पुढेच आहे. प्रती ३४ असल्या तरी त्यांचा एक भाग, ज्याला आरबीएम-२ म्हणतात, दोन ठिकाणी वाटला गेला आहे. २३ प्रतींचा हा भाग आतल्या कड्यात बसतो आणि ११ प्रतींचा बाहेर राहतो. शिफ्ट दाबून वरून थर कापत गेलात की आतले २३ चे कडे आणि त्यावरचे ३४ चे कडे वेगवेगळे दिसतील. अमिनो आम्लांचा क्रम तोच, प्रथिन तेच, पण बसण्याच्या पद्धती दोन. मूळ जिवाणूतल्या कड्यात ३४ प्रती असून त्यांची वाटणी २३ आणि ११ अशी होते, हे ओसाकाच्या गटानेही २०२१ मध्येच दाखवले. त्याआधीच्या साहित्यात फ्लि-एफ चा आकडा २६ च्या आसपास सापडेल. जुना लेख वाचताना तो दिसला तर त्याचे साल पाहा.

ही विभागणी का? बाहेरच्या बाजूला कड्याला ३४ च्या रोटरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, धरायचे असते, आणि आतल्या बाजूला प्रथिने बाहेर पाठवणाऱ्या दाराला जागा द्यायची असते. ते दार म्हणजे फ्लि-पी, क्यू आणि आर यांचा ५, ४ आणि १ असा समूह. हे दहाही घटक सपाट कड्यात न बसता मळसूत्रासारखे चढत गेले आहेत. बाजूने पाहिले की हे स्पष्ट दिसते. पटलातले निर्यातीचे दार असे मळसूत्री का असावे, याचे उत्तर त्याच्या डोक्यावरच आहे. वरचा दांडाही मळसूत्रीच वाढतो आणि त्याची पहिली पायरी हेच दार पुरवते. फ्लि-ई या दोहोंमधला सांधा. मग एफएलजी-बी, सी आणि एफ, आणि त्यांच्यावर २४ एफएलजी-जी चा लांब दांडा.

दांड्याभोवतीचे एल-पी कडे म्हणजे २६ एफएलजी-एच आणि २६ एफएलजी-आय. हे कडे फिरत नाही. पी भाग पेप्टिडोग्लायकनमध्ये आणि एल भाग बाहेरच्या पटलात रुतलेला असतो आणि दांडा त्यातून फिरतो. बॅसिलस सबटिलिससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंत बाहेरचे पटल नाही, म्हणून हे कडेही नाही, तरी त्यांची मोटर झकास चालते. इथे दांडा आणि कडे यांच्यामध्ये थर कापून थांबा. आतला पृष्ठभाग मळसूत्री, एका फेऱ्यात साडेपाच, आणि बाहेरचा गोल, २६ चा. दोन्हींचा मेळ कुठेच नीट बसत नाही. एखाद्या ठराविक कोनात दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत पक्के अडकून बसले असते तर दांडा तिथे अडला असता. मेळ न बसण्याचा तोटा नाही, फायदाच आहे. २००५ मध्ये सोवा आणि सहकाऱ्यांनी सोडियमवर चालणारी संकरित मोटर अगदी मंद फिरवून पाहिली तेव्हा एका फेऱ्यात २६ पावले दिसली होती. तेव्हा त्यांचा संबंध रोटरच्या प्रतींशी जोडला गेला. रोटर ३४ चा निघाल्यावर नजर साहजिकच २६ च्या या कड्याकडे वळते. आकडे जुळले म्हणजे कारण सापडले असे मात्र नाही.

वर जाता जाता दांडा आणि हूक यांच्या सांध्यावरही एक नजर टाका. एफएलजी-जी आणि एफएलजी-ई यांच्या अनुक्रमांत सुमारे ३९ टक्के साम्य आहे, तरी दांडा ताठ आणि हूक लवचीक. एफएलजी-जी मधला १८ आम्लांचा खास तुकडा हूकच्या प्रथिनात घातला तर हूकही सरळ आणि कडक होतो, हे २०१७ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. दर्शकात तो तुकडा शोधणे हा चांगला गृहपाठ आहे: दोन्ही प्रथिनांचे अनुक्रम एकाखाली एक ठेवा आणि एकीकडे जास्तीचे काय आहे ते हेरा.

चौथी पायरी: सी-कडे आणि दिशेचा खटका

७-सी-जी-ओ मध्ये एक मोठी अनुपस्थिती आहे, आणि शेवटचा रकाना भरत आला असाल तर ती एव्हाना खटकली असेल. फ्लि-जी, फ्लि-एम आणि फ्लि-एन यांचे पेशीरसातले सी-कडे त्यात नाहीच. मोटर शुद्ध करताना हे कडे सहज निखळते, आणि टिकले तरी हलत राहते. त्याच्या तपशीलवार रचना २०२४ मध्ये आल्या, वेगवेगळ्या गटांकडून एकाच वर्षी. शोधपेटीत इंग्रजीत 'फ्लॅजेलर सी-रिंग' असे टाका, जिवाणू साल्मोनेला आणि साल २०२४ अशी चाळणी लावा. नावात घड्याळाच्या दिशेची आणि उलट दिशेची असा उल्लेख असलेल्या दोन नोंदी निवडा. एकच उघडून भागणार नाही, इथे सगळे काही तुलनेत आहे.

मोजणी: फ्लि-जी ३४, फ्लि-एम ३४, फ्लि-एन १०२. प्रत्येक फ्लि-एम मागे तीन फ्लि-एन. कड्याचा व्यास सुमारे ४५ नॅनोमीटर. दर्शकातल्या मोजपट्टीने समोरासमोरच्या दोन प्रतींवर टिचकी मारून तो स्वतः काढून पाहा.

आता फ्लि-जी च्या वरच्या टोकाचा भाग शोधा. स्टेटरला भिडणारा हाच. इथल्या हेलिक्सवर विद्युतभारित आम्लांची रांग आहे. ई. कोलायच्या क्रमांकाने सांगायचे तर २८१ वे आर्जिनिन, २८८ वे आणि २८९ वे अस्पार्टेट. त्यांच्यासमोर मोट-ए वर ९० वे आर्जिनिन आणि ९८ वे ग्लुटामेट येतात. युटा विद्यापीठातल्या डेव्हिड ब्लेअर यांच्या प्रयोगशाळेने एकेक आम्ल बदलून या जोड्या १९९० च्या दशकातच ओळखल्या होत्या, एकही रचना हाताशी नसताना. मला तरी हे काम आजच्या रंगीत चित्रांपेक्षा जास्त थक्क करणारे वाटते.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. एकीत फ्लि-जी चा हा भाग बाहेर तोंड करून आहे. दुसरीत तो जवळजवळ १८० अंशांनी वळलेला आहे आणि कड्याचा वरचा घेर रुंदावला आहे. आता दुसऱ्या पायरीतली गोष्ट आठवा: मोट-ए चे चाक एकाच दिशेला फिरते. उसाच्या चरकाची दोन दातेरी चाके बाहेरून एकमेकांना भिडतात तेव्हा ती उलट दिशांना फिरतात. तेच छोटे चाक मोठ्या कड्याच्या आतल्या बाजूने लावले तर दोन्ही एकाच दिशेने फिरतील. मोटर नेमके हेच करते. सी-कडे अरुंद असताना मोट-ए ची आतली कड फ्लि-जी ला बाहेरून भिडते आणि रोटर घड्याळाच्या उलट फिरतो: जिवाणू सरळ पोहतो. पेशीतून फॉस्फेट लागलेले ची-वाय हे निरोप आणणारे प्रथिन येऊन सी-कड्याला चिकटले की कडे रुंदावते, फ्लि-जी मोट-ए च्या दूरच्या कडेला भिडते आणि रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो: जिवाणू गडबडतो आणि तोंड फिरवतो. इंजिन तसेच चालू राहते, दात कुठे लागतात एवढेच बदलते.

तक्त्यातल्या आकड्यांवर इथे थोडे गणित करून पाहा. मोट-ए चे ५ दात आणि फ्लि-जी चे ३४, एकास एक लागले असे धरले तर रोटरच्या एका फेऱ्याला स्टेटरचे ३४ भागिले ५, म्हणजे ६.८ फेरे. एका फेऱ्याला १० प्रोटॉन, म्हणून ६८. ई. कोलायच्या मोटरभोवती ११ पर्यंत स्टेटर असतात, म्हणजे एकूण ७४८. माइस्टर, लोव आणि बर्ग यांनी १९८७ मध्ये स्ट्रेप्टोकॉकसच्या मोटरमध्ये प्रत्यक्ष मोजलेला आकडा सुमारे १२०० होता. जिवाणू वेगळा, दात कधीच घसरत नाहीत हे आपले गृहीतक, आणि तरी दोन्ही आकडे एकाच पट्टीत येतात. मॉडेलचा असा हिशेब करून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास टाकू नये, आणि हिशेब जवळ आला म्हणून ते सिद्ध झाले असेही समजू नये.

पाचवी पायरी: रचनेवर शंका घेणे

क्रायो-ईएमच्या प्रत्येक नोंदीमागे एक घनता-नकाशा असतो, तो ईएमडीबी या अशा नकाशांच्या साठ्यात मिळतो. मॉडेल हा त्या नकाशाचा माणसाने लावलेला अर्थ. वियोजन ३ अँगस्ट्रॉम लिहिलेले असले तरी ते सगळीकडे सारखे नसते. गाभ्यात आम्लांच्या बाजूच्या साखळ्या स्पष्ट दिसतात आणि कडेला नुसता धूसर फुगा असतो. कायमेराएक्समध्ये नकाशा आणि मॉडेल एकत्र उघडून पातळी वर-खाली करा. पातळी जराशी वाढवताच जो भाग नाहीसा होतो, तिथल्या अणूंच्या जागांवरून मोठे निष्कर्ष काढू नका.

दुसरी शंका सममितीची. ३४ घटकांच्या कड्याची रचना काढताना बहुधा ३४ पट सममिती लादली जाते, म्हणजे सगळ्या प्रतींची सरासरी होते. प्रत्यक्षात त्यांतल्या काहींनाच स्टेटर भिडलेले असतात, काहींनाच ची-वाय चिकटलेले असते. हा फरक सरासरीत बुडतो. एखादे कडे अगदी आखीवरेखीव दिसले की नोंदीच्या तपशिलात लावलेली सममिती वाचा.

तिसरी अल्फाफोल्डची, म्हणजे अनुक्रमावरून रचनेचे भाकीत करणाऱ्या संगणक-प्रणालीची. युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यात ई. कोलायचे फ्लि-जी, क्रमांक पी-०-ए-बी-झेड-१, उघडून अल्फाफोल्डचे भाकीत पाहा. भागांचे आकार चांगले येतात. पण फ्लि-जी चे भाग लवचीक सांध्यांनी जोडलेले आहेत आणि ते एकमेकांशी कोणत्या कोनात असतील हे अवस्थेवर ठरते. दिशा बदलण्याचे सगळे रहस्य त्या कोनातच आहे, आणि डेटाबेसमधले एकट्या साखळीचे भाकीत त्याबद्दल फार काही सांगू शकत नाही. विश्वासार्हतेचा रंग सांध्यांपाशी उतरलेला दिसेल.

आणखी एक सापळा, ज्याकडे चांगले चांगले लोक दुर्लक्ष करतात. आपण स्टेटर कॅम्पायलोबॅक्टरचा पाहिला आणि रोटर साल्मोनेलाचा. दोन्ही एका चित्रात जोडले की ते यंत्र कोणत्याच जिवाणूत नसते. कागदाच्या तक्त्यातला 'जिवाणू' हा रकाना त्यासाठी. त्यातून बाहेर पडायचा एक मार्ग म्हणजे अख्ख्या पेशी गोठवून घेतलेले क्रायो-टोमोग्राफीचे नकाशे. त्यांत अणू दिसत नाहीत, पण मोटर जागच्या जागी, पटलांसकट आणि स्टेटरसकट दिसते. ईएमडीबीत कॅम्पायलोबॅक्टर, व्हिब्रिओ आणि साल्मोनेला यांच्या मोटरचे असे नकाशे शोधून शेजारी ठेवा आणि वरून स्टेटर मोजा. २०१६ मध्ये बीबी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या तुलनेत साल्मोनेलात ११, व्हिब्रिओत १३ आणि कॅम्पायलोबॅक्टरमध्ये १७ आले. स्टेटर मध्यापासून जितके दूर बसवाल तितका पीळ वाढतो आणि घेर वाढला की जागाही जास्त होते. कॅम्पायलोबॅक्टरने त्यासाठी मोटरभोवती जादा चकत्यांचा सांगाडाच उभारला आहे. त्याला आतड्यातल्या चिकट श्लेष्म्यातून वाट काढावी लागते. त्या चकत्या नकाशात ठळक दिसतात, आणि तुमच्या वहीतल्या चार कड्यांच्या चित्रात त्यांना जागा नाही.